सर्वपित्रीच्या दिवशी

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटा. आज भाद्रपद अमावास्या, सर्वपित्री. हिवरा आश्रम गावच्या शिवारात सोयाबीन पिवळं पडू लागलंय. नवा उडीद घरात आलाय, त्यातलाच वड्यांसाठी भिजलाय. चुलीवर कढी उकळतेय. अंगणात पेटत्या गोवरीवर तुपाची धार पडते, वर खिरीचा घास. धूर डोळ्यांत जातो. जाऊ द्या. श्वास संथ होऊ द्या.

आता गेलेल्यांची नावं एकेक करून मनात आणा. श्राद्धात तीन पिढ्यांना हाक मारतात: वडील, आजोबा, पणजोबा. शास्त्राने त्यांना वसु, रुद्र आणि आदित्य मानलं आहे. प्रत्येकापाशी थोडं थांबा. आजोबांचा खोकला आठवतो का? त्यांचे हात? पणजोबांपर्यंत चेहरा पुसट होतो, नुसतं नाव उरतं. आणि पणजी? तिचं माहेर कुठलं होतं? उत्तर आलं नाही तरी प्रश्न तसाच राहू द्या.

अशीच दूर आयर्लंडात, शेतं कापून झाली की, सॅविनची रात्र यायची. त्या रात्री मेलेली माणसं घरी फिरकतात, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतांचा दिवस ठरला, अन् ३१ ऑक्टोबरची रात्र हॅलोविन झाली. इंग्लंडात गरीब लोक दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करीत आणि बदल्यात गोड रोट घेत. हॅलोविनचा कोरलेला भोपळा अमेरिकेतला. आयर्लंडात त्याआधी सलगम कोरत. भोपळा आपल्याही श्राद्धाच्या ताटात असतो, भाजी होऊन. इथेही, तिथेही आधी घास आहे. भीती मागून येते.

त्या भीतीकडेही जरा बघा. प्रत्येक गावात एखादी विहीर असते, एखादी बाभूळ, जिथून अंधार पडल्यावर कोणी जात नाही. ज्याच्या नावाने मुलांना भिववतात, तो एकेकाळी याच गल्लीतून चालला होता. त्याला आई होती. अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी याच पंधरवड्यात चतुर्दशी राखलेली आहे. तिथी माहीत नसलेल्यांसाठी आजची अमावास्या. अकाली गेलेल्यालाही पान आहे, हे मला या पंधरवड्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

आता तर्पण मनासमोर आणा. तोंड दक्षिणेला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून तिळाचं पाणी सुटतं. सगळी नावं संपली की वस्त्राचं ओलं टोक पिळतात. ते थेंब कुळात निपुत्रिक गेलेल्यांचे, ज्यांना पाणी देणारं कोणी उरलं नाही. त्या थेंबांपाशी हवं तेवढं रेंगाळा.

पाण्यानंतर आता पंगत. याच हिवरा आश्रम गावात शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम उभा केला. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात इथे पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. लाखो माणसं पंगतीला बसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाढप चालतं. वाढणारा कोणाचं गोत्र विचारत नाही. तो हात मनात धरा आणि त्याच हाताने विहिरीवरच्या त्या माणसालाही एक वडा वाढा.

डोळे उघडा. विहिरीवरचा तो माणूस कोणाचा कोण होता, हे गावातल्या एखाद्या म्हातारीला अजून ठाऊक असेल. आज संध्याकाळी तिच्याकडे जा. पणजीचं माहेरही तिलाच विचारा.