काम थांबवणाऱ्याचा सन्मान

27 जुलै 2005. आदल्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता आणि मुंबई पाण्यात बुडाली होती. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, बॉम्बे हाय क्षेत्रात, ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. पावसामुळे हेलिकॉप्टरे जमिनीवरच अडकली होती. त्याला लवकर उपचार मिळावेत म्हणून जहाज ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मकडे निघाले. जहाजाच्या संगणकनियंत्रित थ्रस्टरमध्ये बिघाड होता, त्यामुळे ते हाताने चालवले जात होते. प्लॅटफॉर्मच्या वाऱ्याआडच्या बाजूची क्रेन वापरता येण्याजोगी नव्हती, म्हणून जहाज वारा झेलणाऱ्या बाजूने आत आले. स्वयंपाकी क्रेनच्या टोपलीत बसून सुखरूप वर पोचला. मग जहाज मागे वळू लागले, लाटेने उचलले गेले आणि त्याचा हेलिडेक समुद्रतळाहून वर येणाऱ्या गॅसवाहिनीवर आदळला.

सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून कोसळला. आठपैकी दोनच जीवनौका पाण्यात उतरवता आल्या आणि दहापैकी एकच तराफा. ‘समुद्र सुरक्षा’च्या दाबकक्षात असलेले पाणबुडे तब्बल दीड दिवसाने बाहेर काढले गेले. एकूण 384 माणसांपैकी 362 वाचली, 22 गेली.

या दिवसाचा क्रम पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे, कारण त्यात कुठेही दुष्टपणा नाही. जखमी माणसाला लवकर डॉक्टरकडे न्यायचे, एवढीच सगळ्यांची धडपड होती. पण थ्रस्टर बिघडलेला, हव्या त्या बाजूची क्रेन नाही, समुद्र खवळलेला आणि गॅसवाहिनी जहाजाच्या वाटेत, या चारही गोष्टी एकत्र मांडून ‘आत्ता जायचे नाही, जखम इथेच बांधू, उद्या पाहू’ असे म्हणणारा माणूस त्या साखळीत हवा होता. असे म्हणणे सोपे नसते. जखमी सहकाऱ्यासमोर उभे राहून ते म्हणणे तर फारच अवघड. समुद्रावरच्या सुरक्षिततेतले नेतृत्व म्हणजे नेमके हे अवघड काम, आणि आपल्या सन्मानांना तेच दिसत नाही.

सुरक्षेचे पुरस्कार बहुधा कशावर दिले जातात? अपघाताविना गेलेल्या दिवसांवर, मनुष्यतासांवर. आकडा मोठा असेल तर ढाल मिळते, छायाचित्र निघते. हा आकडा खोटा असतो असे नाही, पण तो मागचे सांगतो, पुढचे सांगत नाही. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी आले होते. सात वर्षे एकही कामाचा दिवस बुडवणारी दुखापत झाली नाही, याबद्दल तिथल्या माणसांचे कौतुक करणे हा भेटीचा एक हेतू होता. त्याच रात्री विहिरीचा स्फोट झाला आणि अकरा कामगार मरण पावले. जिना उतरताना कठडा धरला का, डोक्यावर हेल्मेट आहे का, यावर बारीक लक्ष होते. विहिरीच्या दाबाची चाचणी भलतेच सांगत असताना काम थांबले नाही. पुढच्या वर्षी रिगच्या मालक कंपनीने सुरक्षेच्या मोजमापात 2010 हे आपले सर्वोत्तम वर्ष ठरवून अधिकाऱ्यांना बोनस दिला. टीकेचा भडिमार झाल्यावर अधिकाऱ्यांनी ती रक्कम मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला दिली.

आकड्यावर बक्षीस ठेवले की आणखी एक गोष्ट घडते. लहानसहान दुखापती नोंदवल्या जात नाहीत. चौदा दिवसांची पाळी संपवून घरी जायला निघालेला फिटर मनगट मुरगळल्याचे सांगत नाही, कारण त्याच्या एका नोंदीने सगळ्या प्लॅटफॉर्मचा आकडा शून्यावर येणार असतो. हाच कामगार कंत्राटदाराचा असेल तर पुढच्या वेळी बोलावणे येईल की नाही, ही धास्तीही त्याला असते.

कंत्राटी कामगारांचा विषय निघाला की मे 2021 टाळता येत नाही. हवामान खात्याने ‘तौक्ते’ वादळाचे इशारे आधीच दिले होते. तरीही पी-305 ही बार्ज तेलक्षेत्रातच राहिली. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या राहण्याची सोय तिच्यावर होती. तिला स्वतःचे चालक इंजिन नव्हते, हलायचे तर टगबोटीने ओढूनच. 17 मे रोजी नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आपटली, तळाला भोक पडले आणि संध्याकाळी ती बुडाली. तिच्यावर 261 माणसे होती. ‘वरप्रदा’ ही टगबोटही बुडाली, तिच्यावर 13. या 274 पैकी 188 जण वाचले, 86 गेले. प्रेते रायगडच्या आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागली. कित्येकांची ओळख डीएनए चाचणीनेच पटली. वेल्डर, फिटर, रंगारी, खलाशी, देशाच्या कुठल्या कुठल्या राज्यांतून पोटासाठी आलेली ही माणसे.

नौदलाने त्या रात्री जे केले ते असामान्य होते. काळोखात, डोंगराएवढ्या लाटांत, ‘आयएनएस कोची’ने लाइफ जॅकेट घालून तरंगणारी माणसे एकेक करून वर घेतली. जहाजाचे कप्तान सचिन रुबेन सिक्वेरा यांना त्याच वर्षी शौर्यचक्र जाहीर झाले. ते योग्यच होते, त्याबद्दल दुमत असायचे कारण नाही. प्रश्न त्याच्या आधीच्या तीन दिवसांचा आहे. 14 मे रोजी ‘बार्ज ओढून बंदरात न्या’ असे कुणी ठामपणे सांगितले असते आणि ते ऐकले गेले असते, तर बार्जवरच्या मृतांची घरे वाचली असती. पण त्या माणसाला कोणते चक्र मिळाले असते? कदाचित कामाचे दिवस वाया घालवल्याचा ठपका. बुडणाऱ्याला वाचवणारा डोळ्यांना दिसतो. बुडू न देणाऱ्याचे काम दिसतच नाही, कारण काही घडलेलेच नसते.

बार्जचे भाडे दिवसावर असते. पावसाळा तोंडावर आला की समुद्रातली बांधकामे मेअखेर उरकण्याची घाई असते. थांबण्याची किंमत त्याच दिवशी हिशेबात चढते आणि न थांबण्याची किंमत बहुतेक वेळा चढतच नाही. म्हणून थांबण्याचा अधिकार कागदावर देऊन भागत नाही. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ हा तेल-प्लॅटफॉर्म पेटल्यावरही वाहिन्यांनी त्याला जोडलेल्या शेजारच्या प्लॅटफॉर्मांवरून उत्पादन लगेच बंद झाले नाही. स्वतःच्या अधिकारात ते बंद करायला तिथले प्रमुख कचरले. 167 माणसे मेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर ब्रिटनने सगळी व्यवस्था मुळापासून बदलली. आपल्याकडे 2005 च्या आगीनंतर, 2008 मध्ये, समुद्रातल्या तेल-वायू कामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम आले आणि देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे गेली. नियम आल्यानंतर तेरा वर्षांनी पी-305 बुडाली.

थांबणे शक्य असते, याचा एक दाखला बेंगळुरूत आहे. समुद्रावरच्या कामाशी तो हेलिकॉप्टरने जोडलेला आहे. जुहूहून हेलिकॉप्टरने प्लॅटफॉर्मवर जाणे हाच या नोकरीतला एक मोठा धोका. 2003 मध्ये एमआय-172 हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून 27 जण गेले. 2018 मध्ये डॉफिन पडून सात. जून 2022 मध्ये ‘सागर किरण’ रिगजवळ नऊ जणांना घेऊन येणारे सिकोर्स्की पाण्यात उतरले, त्यात चार. आता ओएनजीसीच्या वाहतुकीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘ध्रुव’च्या नव्या आवृत्तीची चार हेलिकॉप्टरे पवनहंसमार्फत यायची आहेत. म्हणजे मुंबईच्या समुद्रावर जाणाऱ्या माणसाचा जीव बेंगळुरूच्या कारखान्यातल्या नटबोल्टांवर टांगलेला असणार.

त्याच ‘ध्रुव’चे एक हेलिकॉप्टर 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदरला पडले आणि तटरक्षक दलाचे तिघे गेले. त्यानंतर सैन्यदलांकडची तीनशेहून अधिक ‘ध्रुव’ जमिनीवर ठेवण्यात आली. फेब्रुवारीत येलहंका तळावर ‘एरो इंडिया’ भरले. जगभरचे ग्राहक आलेले, शहर हेलिकॉप्टर बनवणाऱ्यांचे, आणि त्यांच्या स्वतःच्या अंगणात ‘ध्रुव’ उडाले नाही. ‘ध्रुव’ उडवणाऱ्या हवाई दलाच्या ‘सारंग’ चमूच्या कसरतीही झाल्या नाहीत. विक्रीच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नव्हता. पण पोरबंदरच्या हेलिकॉप्टरमधली, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारी स्वॉशप्लेट का तुटली, हे कळेपर्यंत उडवणे बरोबर नव्हते. सैन्याला आणि हवाई दलाला उड्डाणाची परवानगी मिळायला मे उजाडला. अपघातानंतर थांबणे हे अपघाताआधी थांबण्यापेक्षा सोपे, हे खरे. तरी भर प्रदर्शनात थांबून राहण्याला निर्धार लागतो, आणि त्याची कुणी तारीफ केल्याचे फारसे ऐकू आले नाही.

म्हणून ऊर्जाक्षेत्रातल्या सन्मानांचे निकष बदलले पाहिजेत. वर्षभरात किती वेळा काम थांबवले, कुणाच्या सांगण्यावरून थांबवले, त्यात कंत्राटी कामगार किती होते, थांबवणाऱ्याला पुढच्या पाळीला पुन्हा बोलावले का, हे विचारले पाहिजे. थांबवल्यावर धोका नव्हताच असे दिसून आले, तरी पाठ थोपटली पाहिजे, नाहीतर पुढचा माणूस खात्री होईपर्यंत गप्प बसेल. ढाल व्यवस्थापकाच्या खोलीत लागते. तिच्यावर क्रेन चालवणाऱ्याचे, टगबोटीच्या मास्तरचे, परमिटवर सही नाकारणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचे नाव यायला हवे.

मे 2021 च्या त्या आठवड्यात वादळाआधी तेलक्षेत्रातून बऱ्याच बोटी आपापली माणसे घेऊन वेळेत सुरक्षित ठिकाणी पोचल्या होत्या. त्यांच्या मास्तरांची नावे अजूनही कुणी विचारलेली नाहीत. ती विचारावीत आणि पहिला सन्मान त्यांना द्यावा.