उरलेलं लोखंड

जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधताना पहिला निर्णय ब्लॉकचा असतो. कॅमशाफ्ट पसंत पडला नाही तर बदलता येतो, कार्ब्युरेटर विकून दुसरा घेता येतो. ब्लॉक म्हणजे ओतीव लोखंडाचा तो ठोकळा, ज्यात सिलिंडर असतात आणि ज्याच्या आधाराने बाकीचं सगळं बसतं. त्याला बोअर मारला की गेलेलं लोखंड परत येत नाही. माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे केलेला बदल मागे घ्यायला एक कमांड पुरते, जुनी प्रत कुठेतरी असतेच. त्यामुळेही असेल, पण मागे न घेता येणारी ही कापाकापी गेले काही महिने डोक्यातून जात नाही.

मी बर्मिंगहॅममध्ये नोकरी करतो. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर भागीदारीत 1970च्या दशकातली एक मिनी घेतली आहे. याच शहरातल्या लाँगब्रिजच्या कारखान्यात 2000 सालापर्यंत मिनी तयार होत होती. ॲलेक इसिगोनिसने 1959 साली ही गाडी आणली तेव्हा इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली घातला आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसांची सोय केली. इंजिन होतं 848 सीसीचं, ए-सीरिज घराण्यातलं. पुढे रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरला या छोट्या गाडीत दम दिसला. 1963 साली 1071 सीसीची कूपर एस आली. पुढच्याच जानेवारीत तिने माँटे कार्लो रॅली जिंकली आणि त्याच वर्षी 1275 सीसीची एस बाजारात आली.

आम्हाला गाडी वेगवान करायची आहे, म्हणजे 1275चाच ब्लॉक हवा. पर्याय दोन. एका निवृत्त गृहस्थांच्या गॅरेजात मूळ कूपर एसचा ब्लॉक पडून आहे. दुसरा ए-प्लसचा, 1980 साली आलेल्या ऑस्टिन मेट्रोमधला. एस ब्लॉकचं उत्पादन 1971च्या सुमारास संपलं; जे आहेत त्यात भर पडणार नाही. मेट्रोचे ब्लॉक तुलनेने मुबलक आणि स्वस्त आहेत. शिवाय ए-प्लस करताना ब्लॉकला बाहेरून फासळ्या देऊन तो अधिक ताठ केला होता. म्हणजे कामाच्या दृष्टीने मेट्रोचा ब्लॉक कुठेही कमी नाही.

आता बोअरचं गणित. 1275चा मूळ बोअर सुमारे 70.6 मिलिमीटर. तो 73.5 केला की त्याच स्ट्रोकवर इंजिन 1380 सीसीच्या आसपास जातं. ताकदीसाठी हा नेहमीचा मार्ग आहे. त्यासाठी सिलिंडरच्या भिंतीतून चहूबाजूंनी जवळजवळ दीड मिलिमीटर लोखंड जातं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेजारच्या दोन सिलिंडरांमध्ये मुळातच जागा कमी. तिथली पट्टी बारीक झाली की हेड गॅस्केटला धरायला फारसं काही उरत नाही.

आणि भिंत सगळीकडे सारखी जाड असेलच असंही नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं कोल्हापुरात. शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यात वाळूचे कोर बसवताना पाहिले आहेत. पाण्याच्या पोकळ्या या कोरमुळे तयार होतात. ओतताना कोर किंचित सरकला की भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. वरून दोन्ही ब्लॉक सारखेच दिसतात. म्हणून शहाणा माणूस कापण्याआधी अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजून घेतो.

मित्राचं मत एस ब्लॉकच्या बाजूने आहे आणि त्याचा मुद्दा मला फेटाळता येत नाही. तो म्हणतो, हे लोखंड शर्यतीसाठीच ओतलं होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी स्वतःच ते निर्दयपणे वापरलं. तेल लावून, कापडात गुंडाळून त्याची पूजा करणं हाच त्याचा अपमान. खरं आहे. वस्तू जपायची म्हणून तिचं काम काढून घेणं मलाही पटत नाही. आपल्याकडे तानपुरा काचेच्या कपाटात ठेवला तर त्याला कोणी जपणं म्हणेल का?

तरीही या मुद्द्यातून एस ब्लॉक कापावा असं निघत नाही. वापरणं आणि संपवणं यांत फरक आहे. एस ब्लॉक मूळ मापाजवळ ठेवून, लागेल तेवढाच रीबोअर करून चालवला, तर तो वापर. 73.5वर नेला तर त्याचे पुढचे सगळे रीबोअर आम्ही एका दमात खाल्ले. पुढे लायनर घालता येतात, पण त्यासाठी आणखी कापावं लागतं. प्रत्येक ब्लॉकमध्ये मोजकेच काप शिल्लक असतात, आणि त्यातले काही बहुधा अजून जन्मालाही न आलेल्या मालकाचे असतात. पैसे देऊन मी ब्लॉक विकत घेईन. ते काप माझ्या मालकीचे होतात का, हा खरा प्रश्न.

कायद्याने होतात. माझं उत्तर मात्र पर्यायावर अवलंबून आहे. जे काम फक्त एस ब्लॉकनेच झालं असतं, त्यासाठी मी तो कापायला तयार झालो असतो. वस्तू माणसासाठी असते. पण तेच काम मुबलक असलेला ब्लॉक तितकंच चांगलं करत असेल, तर दुर्मीळ ब्लॉक खर्च करण्यामागे उरते ती फक्त 'आमच्यात एस आहे' असं सांगण्याची हौस. आणि तेही अर्धंच खरं. आमची गाडी कारखान्यातून एस म्हणून निघालेली नाही, ब्लॉक घातल्याने ती एस होणार नाही.

यावर मित्राने विचारलं, "आपण नाही घेतला तर दुसरा कोणी घेऊन कापेलच. मग तुझ्या संयमाने काय वाचलं?" कदाचित काहीच नाही. ब्लॉक वाचवल्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही. पण कोणीतरी कापणारच आहे या आधारावर स्वतः कापायचं ठरवलं, तर जगात जे जे संपत चाललंय ते संपवायला प्रत्येकाकडे हेच कारण तयार आहे. दुसऱ्याच्या हाताला मी जबाबदार नाही. माझ्या हाताला आहे.

मेट्रोचा ब्लॉक घ्यायचं ठरलं आहे. त्याची जाडी मोजून झाल्यावरच बोअर किती मारायचा ते ठरवू. भिंतीने नाही म्हटलं तर 1380चा हट्ट सोडून लहान बोअरवर थांबू. शंभर सीसीने गाडी किती पळेल याचा हिशेब मांडता येतो. उरलेल्या लोखंडाचा हिशेब मात्र आमच्यानंतरचा कोणीतरी करणार आहे.