मघाशी

"मघाशी मेसेज जात नव्हते."

ऑफिसच्या चॅट ॲपबद्दलची तक्रार आमच्या सपोर्टच्या टेबलावर येते ती अशीच. मघाशी म्हणजे किती वाजता, असं विचारलं की माणूस छताकडे बघतो. "चहाच्या आधी. नाही नाही, मीटिंग सुटल्यावर."

लॉगला मघाशी कळत नाही. त्यात एकेका मिनिटाच्या शेकडो ओळी, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ. तीही बरेचदा यूटीसीमधली, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. दुपारी 3:40 ला अडकलेला मेसेज लॉगमध्ये सकाळी 10:10 ला अडकलेला सापडतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी अख्खी दुपार भलत्याच तासात शोधाशोध करत बसलो होतो.

लॉग गोळा करणं तसं सोपं. टीम्समध्ये, विंडोजवर, कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि 1 एकदम दाबलं की फाइली डाउनलोड्समध्ये येऊन पडतात. स्लॅकच्या हेल्प मेन्यूत नेट लॉग घेण्याची सोय आहे. त्यात मात्र ॲप बंद होऊन पुन्हा सुरू होतं, मग नोंद चालू करायची आणि बिघाड परत घडवून दाखवायचा. घोडं इथेच पेंड खातं. चॅट ॲप सर्व्हरशी एक जोडणी सतत उघडी ठेवून असतं. लॅपटॉप ऑफिसच्या वाय-फायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेला की कधी कधी जुनी जोडणी मेलेली असते आणि ॲपला त्याचा पत्ताच नसतो. रीस्टार्ट केलं की नवी जोडणी होते, मेसेज सुरळीत जातात. म्हणजे जे बघायचं होतं ते बघण्याच्या तयारीतच पुसलं जातं. अशा वेळी "आता चालतंय की!" म्हणून तक्रारदार खूश होतो. मी नाही होत.

"यात माझं बोलणं दिसेल का हो?" हा प्रश्न हळू आवाजात येतो, पण येतो. रास्तच आहे. लॉग काढायचा हेतू बोलणं वाचण्याचा नसला, तरी अशा फाइलींत बरंच काही राहून जातं. 2023 मध्ये ओक्टा कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत घुसलेल्यांच्या हाती ग्राहकांनी तपासणीसाठी पाठवलेल्या फाइली लागल्या, आणि त्यांत चालू लॉगिनची टोकनं होती. म्हणून फाइल मागताना मी ती कुठे जाणार आणि कधी पुसणार, तेही सांगतो.

वडिलांच्या छातीत धडधड व्हायची, डॉक्टरांसमोर मात्र कधीच नाही. शेवटी चोवीस तासांचं होल्टर लावलं. यंत्राबरोबर एक कागद दिला होता: त्रास झाला की वेळ लिहा, आणि तेव्हा काय करत होतात ते. वडील शिस्तीचे. "4:10, जिना चढलो, धडधड. 7:05, बातम्या लावल्या, धडधड." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी तो कागद मागून घेतला, वाचला, आणि मग लांबलचक आलेखातली तेवढीच ठिकाणं काढली. हृदयाचा प्रत्येक ठोका त्या यंत्रात होता. त्यातला कोणता वडिलांना जाणवला, हे फक्त कागदावर होतं.

तेव्हापासून मी तक्रारदाराला एक चिठ्ठी देतो. लॉग चालू ठेवा, नेहमीचं काम करा, अडलं की घड्याळ बघून लिहा. बरेच जण ती कोरीच परत आणतात. काल अकाउंट्सच्या मॅडमनी मात्र भरून आणली: "11:20, 'ओके' गेलं नाही. 11:26, तेच 'ओके' तीनदा गेलं. साहेब चिडले."

मी लॉग उघडला आणि 5:50 वर गेलो.