नकार आणि तुच्छता

स्पॅनिश भाषेत 'देस्प्रेसियार' असे एक क्रियापद आहे. तुच्छ लेखणे, अव्हेरणे हा त्याचा अर्थ. या शब्दाच्या पोटात लॅटिनमधील 'किंमत' दर्शविणारा शब्द दडलेला आहे. एखाद्याची किंमत काढून घेणे म्हणजे 'देस्प्रेसियार'. आपली मराठीही याच वाटेने चालते. 'तो कुणाला किंमत देत नाही' असे आपण म्हणतोच.

या शब्दाचा वापर मोठा बोधक आहे. हिशेबात धरू नये इतक्या अल्प घर्षणाला स्पॅनिश पदार्थविज्ञान 'देस्प्रेसियाब्ले' म्हणते. नीच माणसालाही तोच शब्द लावतात. पाहुण्याने पुढे केलेले ताट नाकारले, तर यजमानाला तो 'देस्प्रेसियो' वाटू शकतो. मेक्सिकोत याहून तिखट शब्द आहे : 'निंगुनेआर'. 'निंगुनो' म्हणजे कोणी नाही. समोरच्याला 'कोणीच नाही' करून टाकणे, ही ती क्रिया. ओक्ताव्हियो पास यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या 'एकांताचा चक्रव्यूह' या अर्थाच्या ग्रंथात तिची मीमांसा केली आहे. शिवी देणारा निदान समोर कोणी आहे एवढे तरी मानतो. हा तेवढेही मानीत नाही.

मग नकार देणे हेच पाप काय? तसे नाही. लाच नाकारणे, खोट्या साक्षीला नकार देणे हे कर्तव्यच होय. त्यासाठी स्पॅनिशमध्ये 'रेचासार' हे वेगळे क्रियापद आहे. नकार कृतीला वा वस्तूला असतो, तुच्छता माणसाला स्पर्श करते. परंतु ही सीमारेषा कोशात जितकी स्पष्ट, तितकी उंबरठ्यावर नसते. काही वर्षांपूर्वी एका घरी आम्ही घाईत चहाला 'नको' म्हटले. घरची वृद्ध माउली हळूच म्हणाली, "फादर, आमच्याकडचा चालत नाही का?" आम्ही नाकारला होता चहा, नकार पोहोचला तिच्यापर्यंत. आम्ही घड्याळाकडे पाहिले होते, तिच्याकडे पाहिलेच नव्हते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली मांडले की, वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. किमतीच्या बदल्यात दुसरी वस्तू येते, प्रतिष्ठेच्या बदल्यात काहीच येत नाही. तेव्हा माणसाची किंमत काढून घेणारा मुळातच चुकतो, कारण जे बाजारात नाही त्याचा तो भाव करतो. तरीही जखम खरी असते. ज्याला रोज शून्य मानले जाते, तो एक दिवस स्वतःलाच शून्य मानू लागतो.

संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'त ख्रिस्तासोबत अवहेलना सोसण्याची इच्छा धरावयास शिकविले, ती स्वतःच्या वाट्याची. दुसऱ्याच्या वाट्याला ती देण्याची मुभा त्यात नाही.

वाचकहो, नकार द्यावा लागेल तेव्हा जरूर द्यावा. मात्र क्षणभर थांबून, समोरच्याकडे पाहून, कारण सांगून द्यावा. त्या माउलीकडे आम्ही पुढे पुन्हा गेलो आणि चहा मागून घेतला.