उतार पडला, पण कशाने?

मणक्यातली गादी सरकून कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाऊ लागली, की माणूस डीकंप्रेशनच्या टेबलावर झोपायला तयार होतो. पट्टे बांधून यंत्र कंबर ताणते, सैल सोडते, पुन्हा ताणते. काही आठवड्यांत कळ ओसरते आणि रुग्ण सांगतो, 'यंत्राने गुण आला.' या वाक्यात दोन दावे आहेत. उतार पडला, हा त्याचा प्रत्यक्ष अनुभव. त्यावर वाद घालण्याचा अधिकार कुणालाच नाही. तो यंत्राने पडला, हे मात्र अनुमान. न्यायदर्शन, म्हणजे तर्काचे भारतीय दर्शन, इथेच सावध करते: आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, तरी नैयायिक त्याला घड्याचे कारण मानत नाहीत. माती दुसऱ्या वाटेने आली तरी घडा होतोच.

कंबरदुखीत अशी दुसरी वाट खरोखरच आहे. गादीचा बाहेर आलेला भाग अनेकदा शरीरच शोषून घेते आणि बहुतेकांची सायटिका, म्हणजे पायात उतरणारी ही कळ, काही आठवड्यां-महिन्यांत शमते. म्हणून ताण दिलेले आणि न दिलेले रुग्ण शेजारी ठेवूनच निवाडा करावा लागतो. ट्रॅक्शनच्या, म्हणजे असा ताण देण्याच्या, ३२ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेकडून २०१३ साली निघाला. वेदना किंवा कामावर परतणे यांत फारसा फरक त्याला दिसला नाही, आणि बराचसा पुरावा कच्चा होता. यंत्राचे समर्थक १९९४ सालच्या एका मोजणीकडे बोट दाखवतात: ताण देताना गादीतला दाब खरोखर उतरला होता. पण ती मोजणी मोजक्याच रुग्णांची, तीही टेबलावर असतानाची. दाब उतरणे म्हणजे दुखणे जाणे नव्हे. सरासरीत एखाद्याचा खरा लाभ झाकला जाऊ शकतो, हा आक्षेप रास्त आहे; मात्र तो लाभ कुणाला होईल हे आधी ओळखता आले, तरच त्याच्या आधारे उपचार विकता येईल.

'बरे वाटले ना, मग कारणाची चौकशी कशाला?' हा आक्षेप सर्वांत माणुसकीचा वाटतो. पण चुकीच्या कारणाची किंमत रुग्णच मोजतो: पैशांत, आणि आपली पाठ यंत्राविना टिकणार नाही या धास्तीत. पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तासांचा उशीरही महाग पडतो. तिथे तातडीने सर्जनच गाठावा लागतो. एरवी, पैसे घेण्याआधी 'यंत्राविनाही तुम्ही बरे होण्याची शक्यता मोठी आहे' एवढे सांगणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्यच आहे. ते ऐकूनही कुणी टेबल निवडले, तर ती त्याची खरी निवड.