घास आणि दोन किल्ल्या

बँकेत आम्ही एका ठरावीक खातेदाराला 'अज्ञान' म्हणतो. त्यात अपमानाचा हेतू नसतो. अठरा वर्षं पुरी न झालेल्या माणसाला कायद्याच्या मराठीत हाच शब्द आहे, आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावाशेजारी पालकाचं नाव लिहायचं तर 'अ. पा. क.' ही तीन अक्षरं लागतात. अज्ञान पालनकर्ता. दहा वर्षं पुरी झाली, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हा अज्ञान आपलं बचत खातं स्वतः चालवू शकतो. पण तोंड नावाचं जे खातं माणूस जन्मतःच उघडतो, ते त्यानं केव्हापासून स्वतः चालवावं, याबद्दल मात्र रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक नाही. आणि परिपत्रक नसलं, की कारकुनाला स्वतः विचार करावा लागतो. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसानं तत्त्वज्ञानात का शिरावं, असं कुणी विचारलं तर एवढंच कारण सांगता येईल.

प्रश्न दिसायला अगदी घरगुती आहे. आठ महिन्यांच्या बाळाच्या हातात खायचा तुकडा द्यावा की देऊ नये? पण जरा खरवडून पाहा. ज्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीनं धोका पत्करायचा अधिकार कुणाला? आणि त्याच्या वतीनं प्रत्येक धोका नाकारायचा अधिकार तरी कुणी दिला? आता तुम्हीच सांगा, हा काय भोपळ्याचा प्रश्न राहिला?

आमच्या वर्ध्याच्या घरात मात्र तो भोपळ्यावरूनच उभा राहिला. त्यातही आमच्याकडे भोपळा म्हणत नाहीत, कोहळं म्हणतात. अज्ञान खातेदार म्हणजे धाकट्या भावाची मुलगी चिमी. सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर काढून तिची उष्टावण झाली आणि मऊभात, वरण, खिमट असा कारभार सुरळीत सुरू होता. आठव्या महिन्यात धाकट्या सूनबाईंनी वाफवलेल्या कोहळ्याची बोटाएवढी फोड चिमीच्या मुठीत ठेवली. चिमीनं ती आधी कानाला लावून पाहिली, मग डोक्याला, आणि शेवटी योग्य त्या शाखेत जमा केली.

"काहून गं, पोट्टीच्या जिवावर उठली का? दात तरी येऊ दे तिले!" आई देवघरातून ओरडली.

"आई, हिरड्यांनी चावते ती. आणि मी समोरच बसली आहे ना," सूनबाई म्हणाल्या.

घरात दोन पक्ष पडले. मी बँकेत पंचवीस वर्षं काढलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंना "पाहू, वरती विचारतो" असं सांगितलं.

वरती म्हणजे मिलला. जॉन स्टुअर्ट मिल हा आमच्याच बिरादरीतला. वयाच्या सतराव्या वर्षी, १८२३ साली, तो ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून चिकटला आणि १८५८पर्यंत तिथंच होता. पस्तीस वर्षं नोकरी करून पुढच्याच वर्षी त्यानं स्वातंत्र्यावरचा आपला जगप्रसिद्ध ग्रंथ छापला. (कार्यालयात बसून माणूस दुसरं काय काय करू शकतो, याचं हे उदाहरण मी साहेबांना अजून सांगितलेलं नाही.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाच्या स्वातंत्र्याला आवर घालायचा तर दुसऱ्याचं नुकसान टाळण्यासाठी, 'तुझ्याच भल्यासाठी' हे कारण पुरेसं नाही. वाचून मी खूश झालो. पण खाली, कर्जाच्या जाहिरातीत अटी असतात तशी, अट आहे: हे लहान मुलांना लागू नाही. म्हणजे मिलसाहेबांनीही प्रकरण शाखेकडेच परत पाठवलं.

तेव्हा शाखेतच उत्तर शोधलं. आमच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. बँकेची किल्ली फिरवली तरी लॉकर उघडत नाही, आणि गिऱ्हाईक कितीही श्रीमंत असलं तरी त्याच्या एकट्याच्या किल्लीनं काही होत नाही. बाळाच्या घासाचं असंच आहे. काय वाढायचं, केव्हा आणि कुठं बसवून वाढायचं, ही बँकेची किल्ली. ती आईबापांकडे. त्यातलं तोंडात काय घालायचं, किती घालायचं, की सगळंच भिंतीला फासायचं, ही गिऱ्हाइकाची किल्ली. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात कामाची जवळजवळ अशीच वाटणी करून दिली. फक्त लॉकर त्यांना सुचलं नाही.

बँकेच्या किल्लीचे नियम कडक आहेत, आणि कडकच हवेत. फोड दोन बोटांत दाबली तर चेपली पाहिजे. नाही चेपली तर ती हिरड्यांनाही दाद देणार नाही. सुरुवातीला बाळ मुठीनं धरतं, म्हणून फोड बोटाएवढी लांब. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमट जमली, की लहान मऊ तुकडे. उकडलेला बटाटा, रताळं, पिकलेलं केळं, पपई, वरणात भिजवलेली पोळी, सगळं पास. शेंगदाणे, फुटाणे, कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं, बियांसकट बोरं आणि सीताफळ हे अर्ज पहिल्याच टेबलावर नामंजूर. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार भाग करायचे. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, म्हणजे आमच्या वर्ध्याचा गोरसपाकही नको. हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण नियम तो नियम. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण तो चाटवत आलो, पण त्यात एका जंतूचे सुप्त बीजकण असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करतात. बाळ ताठ बसलेलं असावं. लोळताना, रांगताना, गाडीत जाताना घास नाही. आणि समोर एक मोठं माणूस हजर असावं. हजर म्हणजे मोबाईलमध्ये नव्हे. आमच्याकडे हजेरीपत्रकावर सही करून चहाला गेलेला माणूसही हजरच धरतात. ते इथं चालत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी चिमीला उबळ आली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर. आई धावली, बायको धावली, भावानं बादली का कोण जाणे उचलली. सूनबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. चिमीकडे टक लावून बसल्या. चिमीनं खोकून फोड बाहेर काढली, तिच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि पुन्हा तोंडात घातली.

यामागचं शास्त्र काउंटरवर बसणाऱ्याला लगेच पटतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाची काळजी नसते. काळजी करावी ती गप्प झालेल्या खात्याची. बाळ जोरात खोकतंय, आवाज करतंय, तोवर वारा आत-बाहेर चाललेला असतो. उबळ येण्याची जागा लहानपणी जिभेवर बरीच पुढं असते, म्हणून ती वरचेवर येते. ती राखणदार आहे. आवाज बंद झाला, रडू फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर मात्र क्षण दवडायचा नाही. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब. आणि असंच आळीपाळीनं, दुसऱ्यानं १०८ला फोन करेपर्यंत आणि केल्यावरही. बाळ निपचित पडलं तर फोनवरचा माणूस सांगेल तसा श्वास आणि छातीदाब. घशात न दिसणारा तुकडा बोटानं चाचपायचा नाही, तो आणखी आत जातो. हे घरातल्या प्रत्येकानं आधी शिकून ठेवावं. आमच्याकडे आग विझवायचं नळकांडं कसं चालवायचं ते आगीनंतर वाचायचा प्रघात आहे, तसं नको.

बाळाच्या हाती कारभार दिल्यानं दिवाळं निघतं का? न्यूझीलंडमध्ये २०६ बाळांचा अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. हातानं खाणाऱ्यांच्या आईबापांना अडकणारे पदार्थ कोणते ते नीट समजावून दिलं होतं; त्यांचे घास चमच्यानं खाणाऱ्यांपेक्षा जास्त अडकले नाहीत. त्याआधी १९२०च्या दशकात क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी तर नुकतीच दूध तोडलेली बाळं ताटांपुढं बसवली आणि काय खायचं ते त्यांच्यावर सोडलं. नर्सनं चमचा घेऊन गप्प बसायचं. बाळानं हात केला तरच भरवायचं. पुढं अशी पंधरा मुलं झाली आणि सगळी धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एकानं तर बरं होईपर्यंत माशाचं तेलही आपण होऊन घेतलं. पण बाईंनी स्वतःच सांगून टाकलं, की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. ताटात साखर-मैद्याचं काही नव्हतंच. पुन्हा दोन किल्ल्या.

हे सगळं आपल्या गावाला नवीन नसावं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातानं शिकावं, असं ठरलं. नई तालीम म्हणतात ती हीच. ज्या जिल्ह्यानं देशाला हातानं शिकायला सांगितलं, तिथल्या पोरीनं हातानं खायला शिकू नये, हा ठराव कोणत्या परिषदेनं केला?

हा मुद्दा मी जेवताना मांडला. मला वाटलं, आईचा पक्ष आता बसला. आई भाकरी कुस्करत होती. दोन वर्षांपूर्वी कवळी बसली तेव्हापासून सगळे तिला मऊभात खा म्हणतात, आणि तिचं एकच उत्तर असतं, "माह्या तोंडाचं मी पाहीन." ती शांतपणे म्हणाली, "माहा लहाना भाऊ होता. वर्षाचा बी नव्हता. कोणीतरी फुटाणा देल्ला त्याले. मी सात वर्षांची होती. माह्याच कडेवर होता तो."

पंच्याहत्तरीच्या आईचा असा एक भाऊ होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मिल, न्यूझीलंड, नई तालीम, सगळे गप्प झाले. भीती वारशानं येते आणि तिला नॉमिनेशन लागत नाही. पण तिची मुद्दल कुणीतरी खरोखर भरलेली असते. आमच्या यादीतला तो नामंजूर फुटाणा तिनं सात वर्षांची असताना लिहून ठेवला होता. तिच्या भीतीमुळं फोड द्यायची थांबवावी, असं मला अजूनही वाटत नाही. पण ती फोड चेपते का हे दर वेळी पाहिलं पाहिजे, ते तिच्यामुळं. धाडस आणि धाक एकाच घरात नांदले तरच पोर धड मोठं होतं. एकाच्या सहीवर हे खातं चालवू नये.

सूनबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी वाफवलेल्या कोहळ्याची वाटी त्यांनी आईपुढं ठेवली आणि म्हणाल्या, "आई, तुम्हीच पाहून द्या."

तेव्हापासून आमच्याकडची प्रत्येक फोड आईच्या दोन बोटांतून जाते. ती दाबते, नाक मुरडते, कधी एखादी परत शिजायला पाठवते. असा कडक तपासनीस आमच्या शाखेला मिळाला असता, तर आम्ही सगळे केव्हाच बदली मागून गेलो असतो. चिमी तोवर हात पुढं करून वाट पाहत असते. घास मिळाला, की अर्धा स्वतः खाते आणि उरलेला, चांगला चेपून, आईच्या तोंडाशी नेते. आई तोंड उघडते.