विरघळवलंस, वेगळं काय केलंस?

ती पिशवी खाली ठेव. हळू. फुगलेल्या बॅटऱ्या आहेत त्या. हो, इथेच बोलणार आहे मी, टावर चौकात, लोकांसमोर. ऐकू देत लोकांना.

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून जुन्या बॅटऱ्या गोळा केल्यास, गच्चीवर पक्कडीनं फोडल्यास आणि संडास धुवायच्या ॲसिडमध्ये टाकल्यास. वर मला सांगतोस, ‘सर, कोबाल्ट काढतोय.’ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस ना? आधी समीकरण लिहिलंस का? लिहिलं असतंस तर त्यात क्लोरीन दिसला असता. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमधला कोबाल्ट +3 अवस्थेत असतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड त्याला +2 वर आणतं आणि त्या बदल्यात क्लोरीन वायू बाहेर पडतो. चार दिवस खोकतोयस तो गारठ्यानं नव्हे. खालच्या खोलीत तुझी आजी झोपते, तिचा तरी विचार करायचास!

शिवाय सेलमधल्या द्रवात लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट असतं. त्याला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि कधी कधी दुखायला लागतं ते काही तासांनी. हात दाखव. हातमोजे कुठे होते? सेलमधला चार्ज तरी उतरवला होतास का? आतला पडदा फाटला की दोन्ही पत्रे भिडतात आणि आग लागते.

कोबाल्ट काढावासा वाटला याचा मला राग नाही. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या वजनात साठ टक्के कोबाल्ट असतो आणि आपल्या देशाला तो बाहेरून आणावा लागतो. अशा खनिजांच्या पुनर्वापरासाठी केंद्र सरकारनं सप्टेंबर 2025 मध्ये 1,500 कोटींची योजना मंजूर केली, ती उगाच नाही. राग आहे तो तुझ्या अर्धवटपणाचा. गुलाबी पाणी दिसलं आणि तुला वाटलं काम झालं! त्या पाण्यात लिथियम आहे, ॲल्युमिनियम आहे, तांबंही उतरलेलं असणार. तू नुसता काला केलास.

कारखान्यात गंधकाम्लाबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. कोबाल्टला +2 वर आणायचं काम पेरॉक्साइड करतं आणि क्लोरीनऐवजी ऑक्सिजन निघतो. खरी विद्या त्याच्यापुढे आहे. पीएच थोडा थोडा वाढवत लोह आणि ॲल्युमिनियम खाली बसवायचं. मग केरोसीनसारख्या द्रावकात सायनेक्स 272 मिसळून पीएच 5 च्या आसपास कोबाल्ट उचलायचा; निकेल असेल तर ते पाण्यातच राहतं. लिथियम बहुधा शेवटी, सोडा घालून, आणि तेही गरम पाण्यात. का गरम? लिथियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं: 20 अंशांना 100 मिलीलिटरमध्ये सुमारे 1.3 ग्रॅम, 100 अंशांना जेमतेम 0.7. हे पाठ्यपुस्तकात आहे. तू ते पान उघडलंच नाहीस.

आणि आता म्हणे ई-रिक्षाची बॅटरी फोडायची! महाकालच्या भाविकांना ने-आण करणाऱ्या या रिक्षांत एक तर शिशाची बॅटरी असते, नाही तर बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेटची. त्यात कोबाल्ट शून्य, निकेल शून्य. कशासाठी जीव धोक्यात घालणार होतास?

उरलेलं पाणी कुठे ओतलंस? मोरीत? मोरीचं पाणी नाल्यात जातं आणि नाल्याचं क्षिप्रेत. 2028 च्या सिंहस्थात तिथे लाखो लोक डुबकी घेतील.

ही पिशवी तू घरी न्यायची नाहीस. बॅटऱ्या कोरड्या वाळूत ठेवायची व्यवस्था मी करतो. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. त्यांचं संकलन केंद्र तू शोधायचंस. गच्चीवरच्या बरणीला हात लावू नकोस, झाकण घट्ट लावू नकोस, कुणाला वर जाऊ देऊ नकोस. मी स्वतः येऊन बघतो. उद्या सकाळी नऊला प्रयोगशाळेत ये, गॉगल घेऊन. वहीत दोन्ही आम्लांची समीकरणं, संतुलित, आणि कोणता धातू किती पीएचला खाली बसतो त्याचा तक्ता हवा. तक्ता अपुरा असेल तर दारातूनच परत पाठवीन.